हरलेल्याने जिलेबी वाढायची

दिग्या, तुझं तेरावं अजून व्हायचंय आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. आज सकाळी पेपरात तुझा फोटो आला. खांद्यावर हॉकी स्टिक, दात काढून हसतोयस, आणि खाली छापलंय, 'सरल स्वभाव के धनी'. सरल! तू! वाचून माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. अख्ख्या बनारसात तुझ्याइतका कपटी माणूस दुसरा नव्हता, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. काकू लिहिणार नाही, तुझी आईच ती. तुझी होस्टेलची पोरं तर तुझी आरती करायला बसलीयेत. राहिलो मी. मेलास म्हणून तुला सूट मिळेल असं वाटत असेल तर विसर.

आपण सख्खे चुलत भाऊ. शिंदे घाटावरून वर आलं की गल्लीत तुझं दार आणि माझं दार समोरासमोर. काका लवकर गेले, तेव्हापासून तुझी एक वेळ आमच्याकडे आणि माझी एक वेळ तुमच्याकडे, असंच चाललं. काकूने 'दिगू' म्हणून हाक मारली की आधी मी धावायचो, कारण पहिली गरम पोळी जो धावेल त्याची. ती पोळीसुद्धा तू माझ्या हातातून हिसकावून घ्यायचास आणि वर काकूला सांगायचास, 'अन्याने दोन खाल्ल्या.' तिथूनच सुरू होतं हे सगळं.

गल्लीतली झाडून सगळी मराठी पोरं आपल्या लहान कॉलेजात जायची. निम्मी भिक्षुकांची, पहाटे घाटावर बापाच्या हाताखाली संकल्प सोडायची आणि मग तशीच मैदानावर धावायची. त्या मोठ्या कॉलेजातली पोरं आम्हाला 'पंडितजी की टीम' म्हणून चिडवायची. आणि तू, भिक्षुकाचाच मुलगा, उठून त्यांच्यात गेलास! का, तर म्हणे त्यांच्याकडे सेंटर फॉरवर्डची जागा रिकामी होती. अरे, आमच्याकडेही होती की. तुझ्यासाठीच धरून ठेवली होती मी, सगळ्यांचा वाईटपणा घेऊन. जाब विचारला तर काय म्हणालास? 'अन्या, तुझ्याबरोबर खेळण्यापेक्षा तुझ्याविरुद्ध खेळायला जास्त मजा येईल.' या वाक्यावरून आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. आत्ता कुठे मला चांगलं उत्तर सुचायला लागलं होतं आणि तू निघून गेलास.

मग ते माझं डोकं. दरसालच्या सामन्यात ते तुझ्याच स्टिकने फुटलं. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास की मी वाकलो. मी वाकलो नव्हतो, दिग्या. तू स्टिक खांद्याच्या वर उचललीस. पंचाचं लक्ष नव्हतं, पण मी तर समोरच होतो ना? सबंध रस्ताभर रिक्षात माझं डोकं मांडीवर धरून तू रिक्षावाल्याच्या नावाने ठणाणा करत होतास, जणू त्यानेच फोडलं होतं. दवाखान्यात रक्त लागलं. आपला गट एकच निघाला. तू शेजारच्या खाटेवर आडवा झालास आणि मला शुद्ध आल्यावर पहिलं काय ऐकू आलं, तर तुझं, 'आता माझं रक्त आहे तुझ्या अंगात. यापुढे जरा बरा खेळशील.' त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, आजही मानणार नाही. फोडलंस तूच, भरलंस तूच. फिटंफाट.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात दोन्ही टीमा स्टिका घेऊन उभ्या होत्या, पुन्हा जुंपायच्या बेतात. रक्तपेढीच्या बंगाली डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि कडाडल्या, "हर साल इतना खून मैदान में बहाते हो, थोड़ा हमको दे दो तो किसी की जान बचे!" सगळ्यांनी माना खाली घातल्या. तू एकट्याने वर केलीस. "देंगे, डॉक्टर साहब. मगर देखेंगे कौन ज़्यादा देता है." झालं. आपलं रक्तदान शिबिर असं सुरू झालं, पुण्य मिळवायला नव्हे, एकमेकांना पाणी पाजायला.

नियम सगळे तूच केलेस. एक बाटली म्हणजे एक गोल. देणारा कॉलेजचाच हवा असं नाही. बाप, मामा, रेल्वेतले, बँकेतले, कोपऱ्यावरचा पानवाला, ज्याला जी बाजू प्यारी त्याने त्या बाजूला द्यावं. दोन फळे, खडूच्या रेघा. जिंकेल त्या कॉलेजला ढाल. आणि मागच्या वर्षी हरलेल्या कॉलेजच्या कप्तानाने यंदा रक्त देऊन उठणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कुठल्याही बाजूचा असो, दूध आणि जिलेबी वाढायची. बनारसला अशी चुरस मिळाली की आणखी काय हवं! अर्धं शहर तुमचं, अर्धं आमचं. नवरा एका फळ्याखाली आणि मेहुणा दुसऱ्या, अशी घरं फुटली. आणि दरवर्षी परात घेऊन उभा कोण? मी. तू खाटेवर पाय पसरून मोठ्यांदा सांगायचास, "पंडितजी, ज़रा करारी देना." कुरकुरीत हवी म्हणे! लोक हसायचे. मीही हसायचो, दात ओठ खाऊन.

पण गेल्या वर्षी तुझा घडा भरला. गल्लोगल्ली फिरून मी माणसं जमवली होती. दारोदारच्या आयांना पटवलं होतं की रक्त दिल्याने पोरगा वाळत नाही. यंदा तुला धूळ चारणार याची खात्री होती. तू आमच्या ओट्यावर बसून शनिवार सुचवलास, मी हो म्हणालो. आप्पा, माझे वडील, रोज यात्रेकरूंना पंचांग वाचून दाखवतात आणि त्यांच्याच पोराने तारीख ठरवताना पंचांग उघडलं नाही. तू उघडलं होतंस. एकादशी होती.

सकाळी आमची रांग पार गेटापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याला विचारलं, "क्या खाया?" तो म्हणाला, "एकादशी है." दुसऱ्याला विचारलं. "एकादशी है." उपाशी पोटी त्या कुणाचं रक्त घेईनात; एक पोरगा चक्कर येऊन पडला तर शिबिर बंद होईल म्हणाल्या. मी सायकल मारत काकूकडे आलो. म्हटलं, काकू, साबुदाण्याची खिचडी टाक, मोठं पातेलं टाक, पोरांना खाऊ घालून उभी करतो. काकू म्हणाली, "अरे, साबुदाणा भिजवलाच नाही. दिगू काल म्हणाला, भिजवू नकोस, आमचा फराळ बाहेरच आहे." मी शेजारी गेलो. तिथेही तेच. समोरच्या जोशीकाकूंकडेही तेच. आदल्या दिवशी तू घराघरांत जाऊन सांगून आला होतास, नालायका! तारीख धरलीस ती धरलीस, साबुदाण्यापर्यंत पोचलास! आमची धट्टीकट्टी पोरं रांगेतून घरी गेली. आमच्या फळ्यावर उरले दोन पहिलवान आणि पानवाला. आणि तू, त्याच घरातला, कचोरी हाणून खाटेवर आडवा. जिलेबी वाढताना मी तुझ्या कानाशी लागून म्हटलं, "याचा सूड घेईन." तू म्हणालास, "घे की. आधी दूध आण."

वर्षभर मी दुसरा विचार केला नाही. अभ्यास बोंबलला, आप्पांची बोलणी खाल्ली, पण तुझं मर्म शोधून काढलं. तुझं सगळं बळ म्हणजे ती होस्टेलची पोरं, बलिया, गाजीपूर, आझमगडची. संक्रांतीला ती एकूण एक गावाला जातात आणि घरचा दहीचुडा, म्हणजे आपले दहीपोहे, सोडून लवकर परतत नाहीत. मी तारीख सुचवली, संक्रांतीचा दुसरा दिवस. आपण घाटावर उन्हात पायऱ्यांवर बसलो होतो. तू शेंगा सोलत होतास. तारीख ऐकलीस, नदीकडे पाहिलंस आणि हसलास. "चालेल," म्हणालास. बस, इतकंच.

ते हसू मला आजतागायत कळलेलं नाही. डाव ओळखला होतास का? ओळखून हो म्हणालास का, साबुदाण्याचं मनाला लागलं होतं म्हणून? की तुझ्या पोतडीत आणखी काही होतं? शिबिर झाल्यावर तुला गचांडी धरून विचारणार होतो. माझी खात्री होती की यंदा तू आपटणार, आणि पुढच्या वर्षी परात घेऊन तू माझ्यासमोर उभा असणार. मी काय काय बोलणार होतो, सगळं पाठ करून ठेवलं होतं. आता ते कुणापुढे म्हणू?

संक्रांत तोंडावर आली असताना, सकाळच्या धुक्यात, सरावात धावता धावता तू मैदानावर पडलास आणि उठला नाहीस. हृदय बंद पडलं म्हणाले. कळलं तसा मी दवाखान्यात धावलो, तो शर्टाची बाही वर करूनच. मला वाटलं पडला असेल, लागलं असेल, रक्त लागेल. माझं चालतं तुला. डॉक्टरीणबाई समोर आल्या. त्यांनी माझी बाही हळूच खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. इतक्या बाटल्या गोळा केल्यास, शहरभर वाटल्यास, आणि स्वतःला एक थेंब लागू दिला नाहीस. माझं देणं मला फेडू द्यायचं नव्हतं ना? तुझ्या सगळ्या चालींत ही सगळ्यात हलकट चाल. एकादशी मी कदाचित विसरेन, ही नाही विसरणार.

मणिकर्णिका आपल्याला काही नवीन नाही. चेंडू तिकडे गेला की आपणच आणायला जायचो. अग्नी मी दिला. न्हावी डोकं भादरत होता तेव्हा त्याचा वस्तरा जुन्या व्रणाशी अडला, आणि तुझ्या स्टिकची खूण सगळ्या घाटाला दिसली. मी मनात म्हटलं, बघा, हा असा होता.

पीसीओवरून गावोगाव फोन गेले. दुसऱ्या दिवसापासून तुझी पोरं परत यायला लागली. बलियाहून, गाजीपूरहून, संक्रांत टाकून, मिळेल त्या गाडीने, डोळे सुजवून. रिकामं व्हायचं ते होस्टेल गच्च भरलं. वर्षभर जपलेला माझा डाव तू मरून उधळलास. अरे, याहून सोपा उपाय सापडला नाही का तुला? मला येऊन म्हणाला असतास, 'अन्या, तारीख बदल', तर बदलली असती मी. चार शिव्या दिल्या असत्या आणि बदलली असती.

तुझ्या कॉलेजची मंडळी विचारायला आली, यंदा शिबिर राहू द्यायचं का. मी दारातूनच ओरडलो, "होगा! उसी दिन होगा!" आप्पा आतून बाहेर आले. "अनंता, अग्नी दिलायस तू. दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. आणि सुतकात दान? कुठल्या शास्त्रात बसतं?"

"दान कोण करतंय, आप्पा? मला सूड घ्यायचाय."

"गेलेल्यावर?"

"त्याच्यावरच."

आप्पांनी जानवं बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "तो असता तर मला अडवू दिलं नसतं त्याने तुला," आणि आत गेले. त्यांनी आपल्यापैकी कुणासाठी तरी शास्त्र बाजूला ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सकाळी बाहेर पडलो तर काकू तुमच्या दारात. तिने पाट मांडून ठेवला होता. सुतकातलं माझं एकवेळचं जेवण, तेही दुपारचं, पण तिने गरम वरणभात वाढला. "खा. उपाशी गेलास तर परत पाठवतील." मी खाली मान घालून जेवलो.

तुझ्याच मैदानावर मांडव घातला होता. दोन फळे. तुझ्या फळ्याखालची रांग पाहून मला घाम फुटला, थंडीत. तो तुमचा बलियाचा गोलकीपर, रेड्याएवढा धिप्पाड, दरवर्षी सुई पाहिली की पळून जायचा. तो सगळ्यांत आधी आडवा झाला, डोळे गच्च मिटून, "दिगम्बर भइया, दिगम्बर भइया" करत. ठीक आहे, ती तुझीच पोरं. पण माझी? आपली गल्लीतली, संध्या करून येणारी, ज्यांना तू एकादशीला उपाशी परत धाडलंस, ती सगळी तुझ्या फळ्याखाली! मी ओरडलो, "अरे, इकडे या! काय चाललंय काय?" आमचा लेफ्ट-इन माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज नाही, गुरु. आज दिगूकडून." फितूर! एकजात सगळे फितूर! कॉलेज पळवलंस, तारीख पळवलीस, शेवटी माझी टीमही पळवलीस.

मी एकटा माझ्या फळ्याखाली जाऊन उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किस तरफ?" मी म्हटलं, "अपनी तरफ." तुझं दिलेलं रक्त माझ्यात अजून कुठे उरलं असेल, तर तेही तुझ्याविरुद्धच गेलं. घे.

मग परात उचलली. गेल्या वर्षी हरलो होतो, नियम तो नियम. पहिल्या पोरापुढे धरली आणि तेव्हा डोक्यात आलं की सुतकी माणसाच्या हातचं या शहरात कुणी पाणीही पीत नाही. परात मागे घ्यावी की काय, मला कळेना. बलियाचा गोलकीपर माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहिला. मग त्याने एक जिलेबी उचलली आणि गपकन तोंडात टाकली. त्याच्यामागून सगळ्यांनी खाल्ल्या. कुणीही करारी मागितली नाही.

शिबिर आवरत आलं होतं तेव्हा गेटाशी रिक्षा थांबली आणि काकू उतरली. एकटी. पोटचा पोर गेलेली बाई, सुतकाच्या घरातून, भर दुपारी, भर चौकातून. सगळी पोरं उठून उभी राहिली. कुणी पाया पडायला वाकला तशी ती मागे सरली. "सूतक है, बेटा." आणि तडक डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसली.

"माताजी, आज नहीं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आप फिर कभी आइए."

"खाना खाके आई हूँ," काकूने हात पुढे केला.

त्यांनी वजन पाहिलं, रक्तदाब पाहिला, बोट टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब सरळ तळाशी गेला, म्हणजे रक्त पुरेसं कसदार. आता नाही कशाला म्हणणार? काकू खाटेवर आडवी झाली. खडूवाला पोरगा न विचारताच तुझ्या फळ्याकडे निघाला होता. काकूने त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "इसकी तरफ लिखो."

मी खाटेजवळ गेलो. "काकू, अगं हे काय? दिगूकडे लिहू दे."

"नको."

"अगं, पण सगळे त्याच्याच..."

"हरू दे मेल्याला," काकू म्हणाली. सुई लागलेली होती, तिची मूठ उघडत होती, मिटत होती. "तुला काय माहीत? जिंकला की तो पोरांबरोबर घाटाघाटांवर उंडारायचा. जेवण निवून जायचं, पत्ता नसायचा. हरला की तडक घरी यायचा. चिडत, आदळआपट करत, पण तडक घरी."

दिग्या, माझ्या फळ्यावर एवढ्या दोनच रेघा झाल्या. एक माझी, एक तिची. तुझा फळा भरून वाहिला. पुन्हा तूच जिंकलास.

पण ऐकून ठेव. उद्यापासून मी गल्ली न् गल्ली पालथी घालणार आहे. तुझी होस्टेलची पोरं फोडणार आहे, बलियाच्या त्या रेड्यापासून सुरुवात. पंचांग मी आजच उघडून बसलोय. आता मला ढालही नको आणि तुझ्या हातची जिलेबीही नको. पुढच्या वर्षी तुला असा हरवतो, असा हरवतो, की मग बघतोच कसा घरी येत नाहीस ते.